खानेखानानची सही

महिन्यातल्या दोन शनिवारी सकाळी नऊच्या ठोक्याला यशपाल सोनकांबळे, बी.ई. मेकॅनिकल, गिअरबॉक्सच्या चाचण्या घेणाऱ्या कंपनीतला इंजिनियर, हातात झाडू घेऊन तीन मजले उतरायचा, आणि त्याची बायको नीला माळ्यावरच्या तिरक्या खिडकीतून खाली बघत दातओठ खायची.

झाडायला तिची ना नव्हती. जर्मनीतल्या बॉबलिंगेनात राहायचं म्हणजे केअरवोखे, झाडण्याचा आठवडा, पाळायलाच हवा. घरात जेवढी बिऱ्हाडं तेवढ्या पाळ्या. आपल्या आठवड्यात दाराला लाकडी पाटी लटकते, आणि मग जिना, तळघर, कचऱ्याचे डबे, समोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ, सगळं त्या बिऱ्हाडाने साफ करायचं. या घरात चार बिऱ्हाडं होती. तळमजल्यावर फ्राऊ कुर्त्स, पहिल्या मजल्यावर घरमालकीण फ्राऊ श्टाइनले, दुसऱ्यावर यशपालचा मोठा भाऊ सुखदेव, आणि माळ्यावर हे दोघं आणि त्यांची मुलगी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या फ्राऊ श्टाइनले स्वतःची पाळी स्वतः करायच्या, अगदी पायपुसणं उचलून त्याखालीसुद्धा. यशपालही स्वतःची करायचा. नीलाचा संताप होता तो त्याच्या दुसऱ्या पाळीवर. तो सुखदेवदादांची पाळीसुद्धा करायचा.

२००३ च्या फेब्रुवारीत दादांच्या कंबरेत चमक भरली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे वाकू नका म्हणून सांगितलं. कंबर सहा आठवड्यांत बरी झाली. दादा दर बुधवारी बॅडमिंटन खेळू लागले, डबल्समध्ये घाम गाळू लागले. पण आता २००६ चा जून लागला तरी झाडू काही माळ्यावरून दुसऱ्या मजल्यावर परत गेला नव्हता. दादांनी कधी सांगितलं नाही आणि यशपालने कधी विचारलं नाही. दादांच्या दाराला पाटी लागली की हा शहाणा शनिवारी झाडू घेऊन हजर.

"अहो, त्यांची कंबर बुधवारी बरी असते आणि शनिवारीच दुखते का हो?" नीला विचारायची.

"जाऊ दे ना. दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचं काम होतं तर दादांनी का करू नये, हे त्याला सुचायचं नाही. सुचलं तरी तो तोंडात मूग गिळून बसायचा. कंपनीत जर्मन साहेबाला आकडे तोंडावर फेकून गप्प करणारा हा माणूस दुसऱ्या मजल्यावर पाऊल टाकलं की चौथीतला पोरगा व्हायचा. नीलाने आधी समजावलं, मग भांडून पाहिलं, आणि आता तिच्याकडे फक्त तिरस्कार उरला होता. तो तिने नीट जपून ठेवला होता आणि रोज थोडाथोडा काढून वापरायची.

दादांनी काही केलं नव्हतं असं नाही. नांदेडच्या त्या दोन खोल्यांतून पहिला इंजिनियर तेच झाले, जर्मनीत पहिले तेच आले, यशपालचे अर्ज त्यांनीच भरले आणि विमानतळावर घ्यायलाही तेच आले. हे सगळं खरं होतं. ते खरं असल्याची आठवण ते दर रविवारी जेवताना करून द्यायचे, हेही तेवढंच खरं. चौदा एप्रिलला त्यांचं स्वाभिमानावर भाषण असायचं. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभं राहून, आवाज खर्जात लावून, कोणापुढे मान तुकवू नका, असं ते सांगायचे. तेव्हा यशपाल मागे खुर्च्या मांडत असायचा, आणि भाषण संपलं की त्याच खुर्च्या गोळा करत असायचा. टाळ्या वाजवायला त्याला हात मोकळे नसायचे.

त्या वर्षी दादा मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि अध्यक्ष झाल्यावर त्यांना आपल्यात एक नाटककार दडलेला आहे असं आढळलं. ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी त्यांनी दोन अंकी ऐतिहासिक नाटक लिहिलं. गुलबर्ग्याचा सुलतान फिरोजशाह बहमनी आणि त्याचा सेनापती भाऊ अहमदखान. भावावर खूश होऊन सुलतानाने त्याला खानेखानान हा किताब दिला होता. सुलतान कोण होणार हे सांगायला नको. खानेखानान कोण हेही सांगायला नको. नीलाला विंगेत बसून वाक्यं पुरवायचं काम मिळालं, कारण तिचं वाचन स्पष्ट आहे असं दादांचं मत पडलं.

आता गंमत अशी की, नीला औरंगाबादची एम.ए. होती, आणि तीही इतिहासातली. पानगलला सुलतानाचा सपशेल पराभव झाला तेव्हा विस्कटलेली फौज गोळा करून शत्रूला मागे रेटलं ते या अहमदने, हे तिला माहीत होतं. पुढे सुलतानाच्या कानाशी लागलेल्या दोघांनी, मुलाला गादी मिळावी म्हणून या भावाचे डोळे काढा, असा सल्ला दिला, हेही माहीत होतं. आणि अहमद रातोरात निसटला, फौज घेऊन परतला आणि स्वतः गादीवर बसला, हे तर तिने परीक्षेत लिहिलं होतं. दादांच्या नाटकात यातलं काहीच नव्हतं. दादांचं नाटक सेनापतीने सुलतानाच्या पायावर डोकं ठेवलं की संपायचं.

"दादा, याच्यापुढे तो गादी घेतो ना?" पहिल्या वाचनाला तिने विचारलं होतं.

"ते राजकारण झालं, नीला. आपलं नाटक बंधुप्रेमाचं आहे," दादा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. यशपालने मान डोलावली. त्याला इतिहास ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असता तरी त्याने मानच डोलावली असती.

त्याच जूनमध्ये तळमजल्याच्या फ्राऊ कुर्त्स वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि ते घर रिकामं झालं.

चार खोल्या. मागे बाग, बागेत सफरचंदाचं झाड. आणि सगळ्या भिंती सरळ! माळ्यावर राहिलेल्यालाच सरळ भिंतीची किंमत कळते. वर नीलाचं डोकं दिवसातून एकदा तरी तुळईला आपटायचं. सहा वर्षांची उत्कर्षा स्वयंपाकघरातल्या घडीच्या पलंगावर झोपायची, आणि सप्टेंबरात ती शाळेत जाणार होती. तिला टेबल ठेवायला जागा नव्हती. पोरगी फ्रिजवर पाटी ठेवून अक्षरं गिरवायची आणि आईने मराठीत काही विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची, "मामा, इश हाबे काइनेन प्लात्स." आई, मला जागाच नाही. नीलाला ते घर हवं होतं. इतकं हवं होतं की ती दुपारी बागेच्या कुंपणाशी उगाच उभी राहायची.

फ्राऊ श्टाइनलेंनी पेपरात जाहिरात दिली नाही. परके लोक नकोत, घरातल्याच कोणाला हवं असेल त्याने महिनाअखेरपर्यंत मला पत्र लिहावं, हाताने लिहिलेलं, असं त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं. नीलाने त्याच संध्याकाळी यशपालला टेबलाशी बसवलं आणि पत्र लिहून घेतलं. साधंसुधं पत्र होतं. आम्ही तिघं, मुलगी शाळेत जाणार, वर जागा पुरत नाही.

"उद्या सकाळी ऑफिसला जाताना त्यांच्या हातात द्या," तिने बजावलं.

यशपालने पत्र दिलं खरं, पण दादांच्या हातात.

"दादांचं जर्मन चांगलं आहे ना," तो परत येऊन म्हणाला. "एकदा नजरेखालून घालतो म्हणाले. आणि तेच देतील फ्राऊ श्टाइनलेंना. ते बोलले की वजन पडतं."

नीला कपाळाला हात लावून बसली. पण दादांच्या घरात आधीच तीन खोल्या होत्या आणि माणसं दोन, ते आणि प्रभाताई. मुलगा शिकायला इंगोलश्टाटला गेलेला. त्यांना काय करायचंय चार खोल्यांचं घर, असं तिने स्वतःला समजावलं. इथेच ती चुकली. माणसाला घर कशाला हवं असतं याचा विचार तिने गरजेच्या हिशेबाने केला. दादांना ते मानाच्या हिशेबाने हवं होतं.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा, मंगळवारी, ती तळघरात धुणं वाळत घालत होती आणि फ्राऊ श्टाइनले आपली टोपली घेऊन आल्या. बाई फार बोलायच्या नाहीत. चिमटे संपेपर्यंत त्या आपलं धुणं वाळत घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "आल्झो, शनिवारी दहा वाजता मी हेर झोनकाम्बलेंबरोबर मीटफरट्राग करते आहे."

भाडेकरार! आणि हेर झोनकाम्बले म्हणजे श्रीयुत सोनकांबळे! नीलाच्या हातातली चादर खाली पडली. "आभारी आहे, फ्राऊ श्टाइनले! माझी मुलगी…"

"तुमची मुलगी?" बाईंनी भुवया वर केल्या. "मी दुसऱ्या मजल्यावरच्या हेर झोनकाम्बलेंबद्दल बोलते आहे."

"पण आमचं पत्र?"

"मला एकच पत्र आलं."

फ्राऊ श्टाइनलेंच्या एप्रनच्या खिशात चष्मा, किल्ल्या आणि नेहमी काहीतरी कागद असायचे. त्यांनी ते पत्र काढून नीलापुढे धरलं. दादांचं अक्षर, दादांची वळणदार भाषा. नीलाने वोल्क्सहोखशूले या प्रौढशाळेच्या वर्गात जेवढं जर्मन कमावलं होतं तेवढं त्यासाठी पुरलं. वय, गुडघे, जिन्याचा त्रास. मंडळाच्या सांस्कृतिक कार्यासाठी जागा. आणि शेवटी, माझा धाकटा भाऊ माळ्यावरच राहील आणि माझ्या वतीने जिना, फुटपाथ, बर्फ आणि बाग यांची संपूर्ण जबाबदारी कायमची घेईल. त्याखाली दादांची सही. दादांच्या सहीखाली, थोडी डावीकडे, यशपालची सही.

"तुमचे यजमान फार कष्टाळू आहेत," फ्राऊ श्टाइनले म्हणाल्या. "मी तीन वर्षं खिडकीतून बघते आहे. खरं सांगायचं तर मी त्यांच्याच पत्राची वाट पाहत होते. पण ज्याला स्वतःसाठी काही नको, त्याला मी बळेबळे घर कशी देऊ?"

नीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच जिना चढून वर आली, ओलं धुणं तिथेच टाकून.

यशपाल सहाला घरी आला. तिने त्याला बूटही काढू दिले नाहीत.

"तुम्ही दादांच्या पत्रावर सही केलीत?"

तो आठवू लागला. "हो. केली होती. रविवारी. त्यांनी कागद पुढे केला, म्हणाले इथे कर."

"वाचलात?"

"अगं, दादांनी दिलेला कागद," तो म्हणाला, आणि पुढे काही बोलला नाही, कारण त्याच्या मते वाक्य पूर्ण झालं होतं. सोनकांबळ्यांच्या घरात ही रीतच होती. मोठ्याने कागद पुढे केला की धाकट्याने सही करायची. वाचायचा म्हणजे शंका घ्यायची, आणि शंका घ्यायची म्हणजे उपकार विसरायचे. कॉलेजचे अर्ज, व्हिसाचे अर्ज, बँकेचे, विम्याचे, सगळे त्याने असेच सही करून टाकले होते. ऑफिसात चाचणीचा अहवाल तीनतीनदा वाचून परत पाठवणारा हाच माणूस!

नीलाने त्या पत्रात काय होतं ते सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. त्याचा चेहरा उतरला, हे तिने पाहिलं, आणि तिला क्षणभर आशा वाटली.

"दादांनी काहीतरी विचार करूनच केलं असेल," तो शेवटी म्हणाला.

"विचार तर केलाच! तुम्हाला कायमचा झाडूवाला करायचा विचार केला! तुमच्या पोरीचा पलंग फ्रिजशेजारीच राहू द्यायचा विचार केला! अहो, गडी ठेवतात ना, त्यालाही विचारतात हो, राहतोस का म्हणून."

"हळू बोल. खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे ऐकू!"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "बोलतो मी. गुरुवारी तालीम आहे. तालमीआधी बोलतो. शनिवारला अजून वेळ आहे. फ्राऊ श्टाइनलेंना मीच सांगेन की घर आम्हाला हवंय. पण आधी दादांना सांगितलं पाहिजे. त्यांच्या पाठीमागे नको."

नीलाने मान्य केलं. तिलाही ते एकदा त्याच्या तोंडून दादांच्या तोंडावर ऐकायचं होतं.

गुरुवारी तालमीआधी तो बोलला नाही, कारण प्रभाताईंनी पोहे आणले होते आणि मंडळातली पाचसहा माणसं आधीच येऊन बसली होती. "तालमीनंतर," तो नीलाच्या कानाशी येऊन पुटपुटला. नीला कोपऱ्यात वही घेऊन बसली. दादांच्या दिवाणखान्यात आरामखुर्चीवर लाल पलंगपोस घालून तख्त केलं होतं, आणि त्या तख्तावर दादा अशा थाटात बसले होते की पलंगपोस काढला तरी ते उठले नसते.

शेवटचा प्रवेश. सेनापती विजय मिळवून येतो, गुडघा टेकतो. दादांनी हात पुढे केला आणि आवाज खर्जात नेला.

"माग, अहमद! या दौलतीतलं काहीही माग. आज तुझ्यासाठी नाही हा शब्द आमच्या ओठांवर येणार नाही!"

यानंतर यशपालचं वाक्य होतं. हुजूर, आपली सावली डोक्यावर असू द्या, याहून वेगळं मागणं नाही. त्याचं पाठ होतं. सगळ्यात आधी त्याचंच पाठ झालं होतं. पण तो गुडघ्यावर बसून राहिला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

माणसं नीलाकडे बघू लागली. वाक्य पुरवायचं काम तिचं होतं. तिचं बोट वहीत त्याच ओळीवर होतं. तिने वही मिटली.

"यशा, वाक्य!" दादा तख्तावरून म्हणाले. आणि मग वैतागून, सुलतानाचा आवाज सोडून, आपल्या रोजच्या आवाजात म्हणाले, "अरे, बोल ना! काय हवंय तुला?"

यशपालने मान वर केली. "दादा," तो म्हणाला.

हुजूर नव्हे, दादा! वजिराचं काम करणारा रमेश पोह्याचा चमचा हातात धरून थांबला. प्रभाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तीन वर्षं, नव्हे, जन्मभर, या एका शब्दानंतर जे यायला हवं होतं ते आता येणार, असं नीलाला वाटलं, आणि तिने मनातल्या मनात त्याला सगळं माफ करून टाकलं, झाडूसकट.

"दादा, जरा पाणी मिळेल का?"

प्रभाताईंनी पाणी आणलं. तो प्यायला, ओठ पुसले, परत गुडघा टेकला, आणि हुजूर, आपली सावली हे वाक्य त्याने इतकं गहिवरून म्हटलं की मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दादांचे डोळे पाणावले. "बघा, याला म्हणतात ठहराव," ते सगळ्यांना म्हणाले. "मी शिकवला नाही, रक्तात असतो तो."

तालमीनंतरही यशपाल बोलला नाही. तो आरामखुर्ची जागेवर सरकवत होता, पलंगपोसाची घडी घालत होता. नीला त्याच्यासाठी थांबली नाही. जिना चढताना तिला त्याचा राग आला नाही, इतका तो तिच्या मनातून उतरला होता. अहमदखानाचे डोळे काढायचा सल्ला निदान दुसऱ्या कोणालातरी द्यावा लागला. आमच्या खानेखानानने ते स्वतःच काढून ताटात ठेवले, असं तिच्या मनात आलं.

शुक्रवारी सकाळी यशपाल ऑफिसला गेला आणि तिने पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली.

"फ्राऊ श्टाइनले, माझ्या नवऱ्याने त्या पत्रावर न वाचता सही केली होती."

"न वाचता?" बाईंना ते समजेना. "पण ते इंजिनियर आहेत ना?"

"हो. इंजिनियर आहेत."

"आणि त्यांनी लिहिलेलं पत्र?"

"ते त्यांनी भावाकडे दिलं. तुम्हाला द्यायला."

फ्राऊ श्टाइनलेंनी एप्रनच्या खिशातून ते पत्र काढून खालच्या सहीकडे पाहिलं. यशपालबद्दल त्यांच्या मनात तीन वर्षं खिडकीतून साठलेला आदर ओसरताना नीलाला दिसला, आणि तिला त्याबद्दल काहीच वाईट वाटलं नाही.

"मग मी घर कोणाला देऊ?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं पत्र दाबून ठेवणाऱ्याला, की न वाचता सही करणाऱ्याला?"

"मला द्या," नीला म्हणाली. "मी वाचते."

बाई हसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी कराराचे कोरे कागद आणले. अकरा पानं होती. "वाचा मग. दोघांच्याही सह्या लागतील. उद्या दहाच्या आत."

नीलाने दुपारभर शब्दकोश घेऊन अकरा पानं वाचली. कुंपणाची छाटणी कोणी करायची आणि तळघरातली कोणती कोठी आपली, हे दोन प्रश्न तिला पडले, ते ती खाली जाऊन विचारून आली. दुसऱ्या प्रश्नावर फ्राऊ श्टाइनले "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाल्या आणि पेनाने एक ओळ दुरुस्त केली. नीलाने आपली सही केली.

राहिली यशपालची. तिने ठरवलं होतं की त्याला सगळं सांगायचं. फ्राऊ श्टाइनलेंशी काय बोलणं झालं, दादांना काय वाटेल, सगळं. तो घाबरेल, मोडता घालेल, आधी दादांना विचारू म्हणेल, त्यावर काय म्हणायचं तेही तिने मनात जुळवून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी तो चहा पीत बसला होता. तिने शेवटचं पान काढलं, बशीशेजारी ठेवलं आणि बोट टेकवलं.

"इथे सही करा."

त्याने पेन मागितलं. तिने दिलं. त्याने सही केली, पेन परत दिलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडातच राहिली. तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अरे, वाच तरी! निदान कशाचा कागद म्हणून विचार! पण नऊ वाजले होते आणि आठवडा दादांचा होता. तो उठला, झाडू घेतला आणि जिना उतरू लागला.

दहाला पाच मिनिटं कमी असताना नीला करार घेऊन पहिल्या मजल्यावर गेली. दहाला सुखदेवदादा आले. अंगात ब्लेझर, खिशाला पेन, मागे चॉकलेटचा डबा घेऊन प्रभाताई. दारातच फ्राऊ श्टाइनलेंनी त्यांना थांबवलं.

"हेर झोनकाम्बले, घर दिलं मी."

"दिलं? कोणाला?"

"फ्राऊ झोनकाम्बलेंना."

दादांनी वळून प्रभाताईंकडे पाहिलं. प्रभाताईंनी घाईघाईने मान हलवली. मग त्यांना बाईंच्या मागे उभी असलेली नीला दिसली, आणि टेबलावरचा करार.

फ्राऊ श्टाइनलेंनी त्यांच्या हाती त्यांचं पत्र परत दिलं, वर चॉकलेटचा डबाही घेतला नाही, आणि दार लावून घेतलं. नीला करारासकट बाहेर, ती दोघं बाहेर. मग दादा मराठीत आले.

"घरात फूट पाडलीस, नीला."

"घर नव्हतंच आमच्याकडे. आता मिळालं."

"यशाला माहीत आहे हे?"

"त्यांची सही आहे," तिने शेवटचं पान दाखवलं.

दादांनी सही पाहिली. ओळखीचीच होती. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "वाचून केली?"

जगात हा प्रश्न विचारू शकणारा एकच माणूस होता, आणि तो तिच्यासमोर उभा होता. खोटं बोलायची सोय नव्हती.

"नाही," नीला म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत राहिले. लग्नानंतरच्या आठ वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. नजरेत राग होता, पण त्या रागात मान होता, बरोबरीच्या माणसाला देतात तसा. त्या माणसाने तिला शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

तेवढ्यात यशपाल फुटपाथ उरकून जिन्यात आला. कपाळावर घाम, पाठीमागे उघडं दार. दोघांना समोरासमोर पाहून तो चार पायऱ्या खालीच थबकला.

"यशा," दादा म्हणाले, "तळमजल्याच्या करारावर तू सही केलीस?"

"तळमजल्याच्या?" यशपालने विचारलं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. "सकाळचा तो कागद? तो… हो का?"

आता तरी तो चिडेल, असं नीलाला वाटलं. चिडायला त्याला दोन माणसं होती आणि दोन्ही समोर होती. भावाने फसवलं, बायकोने फसवलं, एकाच पद्धतीने फसवलं. त्याने झाडू आपटावा, दोघांनाही चालते व्हा म्हणावं, कागद फाडला तरी चालेल. घर गेलं तरी चालेल, असंही एक क्षण तिला वाटलं, आणि ते तिला मनापासून वाटलं.

यशपालने दादांकडे पाहिलं. मग नीलाकडे पाहिलं. मग परत दादांकडे, मग परत नीलाकडे. तो चिडलेला नव्हता. यापुढे कोणाचं ऐकायचं एवढंच तो शोधत होता, आणि ते त्याला कोणीतरी लवकर सांगावं म्हणून थांबला होता.

दादांनी बोलायला तोंड उघडलं.

"उत्कर्षा उठली असेल," त्यांच्याआधी नीला म्हणाली. "वर जा आणि तिला दूध द्या."

तो दोघांच्या मधून अंग चोरून वर गेला. एकदाही मागे न बघता, हलका होऊन गेला. दादांनी तोंड मिटलं. नीलाला वाटलं होतं की तिला त्याची कीव येईल, निदान स्वतःची लाज तरी वाटेल. लाज वाटली, पण नंतर, आणि थोडीच. आधी तिला फार, फार बरं वाटलं.